समता आणि मौन

स्थानकात गेल्यावर श्रावक हात जोडून महाराजसाहेबांना सुखसाता विचारतो. विचारून तो थांबतो. उत्तर येईपर्यंत हात जोडलेलेच राहतात. प्रकृतीत काही कमी-जास्त असल्याचे कळले, तर वैद्य कोणते, औषध कोणते, गोचरीत काय चालेल, विहार पुढे ढकलावा का, अशी विचारपूस होते आणि संघातील चार जण लगेच कामाला लागतात. ही रीत जुनी आहे आणि सुंदर आहे. घरातील दुखणाईत माणसाला मात्र हाच प्रश्न बहुधा दुकानात जाण्याच्या घाईत, चप्पल पायात सरकवता सरकवता विचारला जातो आणि ‘बरं आहे’ हे उत्तर आधीच गृहीत धरलेले असते.

आजारपणात खर्च करताना व्यापारी घर हात आखडता घेत नाही, हे मान्य केले पाहिजे. तालुक्याच्या गावातून पुणे, पुण्याहून मुंबई. एका तज्ज्ञाचे निदान दुसऱ्याकडून पडताळून घेणे. मध्येच कुणी सुचवले म्हणून होमिओपॅथी, कुणी सुचवले म्हणून उरुळीकांचनचा निसर्गोपचार. फाइल जाड होत जाते. परंतु आजार बरा होणारा नसून केवळ आटोक्यात ठेवण्याचा असतो, तेव्हा या धावपळीला मर्यादा येते. तपासण्या संपतात, औषधे ठरून जातात आणि घर पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या दुखण्यासह जगायचे असते ते रुग्णाला. समुपदेशनाची गरज नेमकी येथे सुरू होते आणि नेमके येथेच ते कुणाला आठवत नाही. वेड लागलेल्यांसाठी किंवा पटत नसलेल्या नवरा-बायकोसाठी असते ते समुपदेशन, अशी अजून पुष्कळांची समजूत आहे.

शब्दानेही थोडा घात केला आहे. ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे आणि दीर्घ आजाराच्या रुग्णाकडे उपदेशाचा सुकाळच असतो. भेटायला येणारा प्रत्येक जण एखादा काढा, एखादा जप आणि एखादे स्वतःच्या मावशीचे उदाहरण ठेवून जातो. प्रशिक्षित समुपदेशकाचे काम याच्या जवळजवळ उलट असते. तो फारसे सांगत नाही. तो विचारतो, आणि उत्तरासाठी थांबतो.

एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणावे. बाजारपेठेचे गाव, खाली भुसार मालाची आडत आणि वर राहते घर. घरातील थोरली सून, वय पंचेचाळीसच्या आसपास. बोटांची पेरे सुजू लागली, मनगटे धरू लागली, रक्ततपासणी झाली आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे आमवाताचे, निदान झाले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. त्याची एक खूण अशी की सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ, सांधे आखडलेले राहतात. व्यापारी घराची सकाळ मात्र त्याच तासात सर्वांत गर्दीची असते. पाणी गाळून उकळायचे, नवकारसी आल्यावर चहा-नाश्ता, मुलांचे डबे, दुकानात पाठवायचा डबा. लाटण्याभोवती मूठ वळत नाही. मुहपत्तीचा दोरा कानामागे अडकवताना बोटे साथ देत नाहीत. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे जमिनीवर बसणे कसेबसे जमते, उठताना मात्र भिंत धरावी लागते. आणि खुर्ची मागायची तर ‘एवढ्यात खुर्ची?’ हा प्रश्न तिला आधीच ऐकू येत असतो. दुपारपर्यंत सांधे मोकळे होतात, ती हिंडू-फिरू लागते. सकाळी काम टाळले आणि दुपारी तर ठणठणीत, असा अर्थ घरातले काढतात. तोंडाने कुणी म्हणत नाही, पण तिला तो कळतो.

याहून गंभीर गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नसते. या आजारात मेथोट्रेक्झेट हे औषध बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते, आणि परस्पर बंद केले तर आजार उसळतो. ठरलेला वार अष्टमीला किंवा चतुर्दशीला आला की ती गोळी चुकवते, कारण उपवास मोडायचा नसतो. पर्युषणात अट्ठाई करण्याची तिची परंपरा आहे. त्यात ती सगळीच औषधे सोडते. शरीरातील पाणी कमी झालेले असताना हे औषध मूत्रपिंडांवाटे नीट बाहेर पडत नाही, हे तिला कुणी सांगितलेले नसते, कारण आपण उपवास करतो हे तिने डॉक्टरांना सांगितलेले नसते. डॉक्टर रागावतील ही एक भीती आणि सासूबाईंना ‘हिचा धर्म सुटला’ असे वाटेल ही दुसरी. या दोन भीतींच्या मध्ये ती गप्प राहते.

आणि या गप्प राहण्याचेच कौतुक होते. “कधी तक्रार नाही, कधी कुरकूर नाही. केवढी समता!”

येथेच खरी गफलत आहे. समता ही आतील अवस्था आहे. मौन बाहेरून दिसते. दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, पण एकावरून दुसरीचा निर्वाळा देता येत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. नको त्याचा संयोग, हव्या त्याचा वियोग, वेदना आणि निदान, म्हणजे भावी भोगांची लालसा. यातला वेदनेचा प्रकार ध्यानात घ्यावा. रात्री दोन वाजता छताकडे पाहत ‘हे कधी संपणार’ या एकाच विचाराभोवती फिरणारे मन आर्तध्यानातच असते, मग दिवसभर त्या व्यक्तीने तोंडातून चकार शब्द काढलेला नसो. शास्त्रकारांनी वेदनेने मन कसे घेरले जाते हे ओळखले होते आणि त्याला स्वतंत्र नाव दिले होते. घरातल्यांनी ते ओळखले नाही, तर दोष शास्त्राचा नाही.

कर्मसिद्धांताचेही तसेच होते. असातावेदनीय कर्माचा उदय हे वेदनेचे कारण आहे, हे जैन घरात लहान मुलालाही पाठ असते. रुग्णाने स्वतः, स्वतःच्या मनाशी हे म्हटले तर त्याला बळ मिळते. राग कमी होतो, दुसऱ्याला दोष देणे थांबते. तेच वाक्य निरोगी माणसाने पलंगाशेजारी उभे राहून उच्चारले की त्याचा अर्थ बदलतो. ऐकणाऱ्याला ऐकू येते ते इतकेच: तुझे तू केलेस, तुझे तू भोग. हा सिद्धांत स्वतःच्या खात्यावर नजर ठेवण्यासाठी आहे. दुसऱ्याचे खाते उघडून त्यातील नोंदी वाचून दाखवण्याचा अधिकार तो कुणालाही देत नाही.

रुग्णाच्या बाबतीत निरोगी माणसाने काय करायचे, याचे उत्तर त्याच अध्यायात वेगळे दिलेले आहे. सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्याची गणना आहे आणि ते ज्या दहांचे करायचे त्यांत ‘ग्लान’ म्हणजे आजारी, हा स्पष्ट उल्लेख आहे. मूळ संदर्भ साधुसंघाचा असला तरी गृहस्थाने त्यातून घ्यायचे ते घेतले आहे. नंदिषेण मुनींची कथा व्याख्यानांतून अनेकांनी ऐकली असेल. परीक्षा पाहण्यासाठी आलेला देव रोगी साधूचे रूप घेतो. खांद्यावर बसून तो कठोर शब्द बोलतो, हिसका बसला म्हणून ओरडतो, मुनींचे अंग घाण करतो. नंदिषेणांच्या मनात विचार येतो तो एवढाच की यांना आराम कसा पडेल. ‘हे तुमच्याच कर्माचे फळ आहे’ असे ते त्या रोग्याला ऐकवत नाहीत. कथेतला रोगी मुळीच समताधारी नाही, त्याची तक्रार सतत चालू आहे. तरीही सेवा थांबत नाही. दुखणाईताने गोड बोलावे, मगच त्याची सेवा गोड मानून घेऊ, असा करार त्या कथेत कुठेच नाही.

आधुनिक वैद्यकानेही वेदनेकडे पाहण्याची दृष्टी गेल्या साठ वर्षांत बदलली आहे. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी असे मांडले की शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत सरळ पोहोचत नाहीत. मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि ते कमी-अधिक उघडते. भीती, जागरण, एकटेपण यांनी ते सताड उघडते. आश्वासन, विश्रांती, मन रमेल असे काम यांनी ते काहीसे लोटले जाते. दिवाळीच्या गर्दीत गल्ल्यावर बसलेल्या व्यापाऱ्याला गुडघ्याची आठवण राहत नाही आणि शटर ओढल्यावर जिना चढवत नाही, याचे कारण हेच. म्हणून ‘दुकानात दुखत नाही, घरी आल्यावरच बरे दुखते’ हा टोमणा अज्ञानाचा आहे. तीन महिन्यांपलीकडे टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना ही दीर्घकालीन वेदना मानली जाते. तिच्यात मूळ इजा भरून आली तरी मज्जासंस्थेची धोक्याची घंटा वाजत राहू शकते. एक्स-रे स्वच्छ आहे म्हणजे वेदना खोटी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना नेहमी वैयक्तिक अनुभव असतो आणि रुग्ण ती सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, हे तिच्या टिपांत स्पष्टपणे नमूद केले. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. रुग्णाच्या एकाच दुखण्यात शरीराचे, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणे एकत्र गुंतलेले असते, ही त्यांची मांडणी. त्यातले फक्त शरीराचे सोडवून बाकीचे तसेच ठेवले तर गोळीचा डोस वाढत जातो.

मग समुपदेशनाच्या खोलीत प्रत्यक्षात होते तरी काय? साधारण पाऊण तासाची एक भेट, आठवड्या-पंधरवड्याने एक, अशा आठ-दहा भेटी. पहिल्या भेटीत बहुतेक वेळ रुग्णच बोलतो. वरील चित्रातील स्त्रीला समुपदेशक विचारील: आजार येण्यापूर्वीचा एक दिवस सांगा. त्यातून बाहेर येते ते सांध्यांचे दुखणे नसतेच. ‘खाखरे हिच्याच हातचे’ अशी नातेवाइकांत जी ओळख होती ती गेली, धाकट्या जावेने स्वयंपाकघर हातात घेतले आणि भांडारघरात आपण पाहुणीसारख्या उभ्या राहतो, हे शल्य असते. जिवंत माणूस स्वतःच्याच आधीच्या रूपाचा शोक करीत असतो. मृत्यूनंतर बसायला येणारे असतात, उठावण्याची वेळ ठरते, शोकाला मुदत मिळते. या शोकाला समाजाने कोणताच विधी दिलेला नाही. त्याला नाव देणे, रडू आले तर रडू देणे, आणि घाईने ‘त्यात काय एवढे’ न म्हणणे, हे समुपदेशकाचे पहिले काम.

दुसरे काम बरेच व्यवहारी असते. दीर्घ आजाराचा रुग्ण बहुधा एकच चूक वारंवार करतो. चार दिवसांनी एक चांगला दिवस उगवतो आणि तो राहिलेली सगळी कामे त्या एका दिवसात उरकतो. कपाट लावतो, लोणचे घालतो, बाजारही करतो. पुढचे तीन दिवस अंथरुणावर. व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये: हंगामाच्या एका दिवशीचा गल्ला नफा समजून उडवला तर पुढच्या महिन्याची देणी कशातून भागवायची? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी वेदनेच्या रुग्णांसाठी जी पद्धत रूढ केली तिचा गाभा हाच आहे. काम थांबवायचे ते दुखू लागले म्हणून नाही, ठरवलेली मात्रा पूर्ण झाली म्हणून. वीस मिनिटे काम, मग विश्रांती. चांगल्या दिवशीही वीसच आणि वाईट दिवशीही जमेल तितके त्या मापाजवळ. काही आठवड्यांनी ती वीसची पंचवीस होतात. ऐकायला किरकोळ, आचरायला कठीण. कारण चांगल्या दिवशी हात आवरणे हे कष्टाळू माणसाला आळस वाटते.

एखादी भेट कुटुंबासह असते आणि कित्येकदा सर्वाधिक फरक तिनेच पडतो. समुपदेशक दोषारोप करीत नाही; सकाळचा तो आखडलेला तास म्हणजे काय, हे तो रुग्णाच्या तोंडून नवऱ्याला आणि सासूबाईंना ऐकवतो. मग सकाळची कामे धाकटीकडे आणि अकरानंतरची थोरलीकडे, अशी अदलाबदल ठरते. पाच मिनिटांचा निर्णय. तो पाच-सहा वर्षे घेतला गेला नाही, कारण प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सासूबाई कठोर होत्या असेही बहुधा नसते. त्यांचेही गुडघे गेलेले असतात आणि त्यांनाही कधी कुणी विचारलेले नसते.

व्रत आणि औषध यांचा पेच मात्र समुपदेशकाने एकट्याने सोडवू नये. त्याने इतकेच घडवून आणावे की रुग्णाने डॉक्टरांना उपवासाचे आणि चौविहाराचे खरे सांगावे आणि महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना आजाराचे खरे सांगावे. बहुतेक वेळा दोन्हीकडून अपेक्षेपेक्षा अधिक समजूतदारपणा वाट्याला येतो. पुष्कळ औषधांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येते. आठवड्याच्या गोळीचा वारही डॉक्टरांच्या संमतीने बदलता येतो. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार आहेत आणि त्यांत समाधी टिकावी म्हणून ‘सव्वसमाहिवत्तियागार’ आहे. तीव्र व्याधीत औषध घ्यावे लागले तर त्यासाठीच तो ठेवलेला आहे. व्रताची आखणी करणाऱ्यांना माणसाचे शरीर माहीत होते. तपाच्या बारा प्रकारांत अनशन हा एक आहे, बाकीचे अकरा आजारी माणसालाही खुले आहेत. कायोत्सर्ग उभ्याने, बसून आणि अशक्ताला पडूनही करता येतो. शरीराच्या एकेका भागाकडे शांतपणे लक्ष नेण्याची जी साधना जॉन कबात-झिन यांनी १९७९ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात वेदनेच्या रुग्णांना शिकवली, तिचे मूळ बौद्ध परंपरेत आहे. पण ज्यांना कायोत्सर्गाची सवय आहे त्यांना ती परकी वाटणार नाही.

आता थोडे लपवण्याविषयी. व्यापारी घरात आजार लपवला जातो त्याची दोन कारणे असतात, पत आणि स्थळ. मालकाला कंपवाताचे निदान झाले हे बाजारात फुटले तर उधारीचा माल देणारा हात आखडील. मुलीच्या आईला असाध्य आजार आहे हे कळले तर बायोडाटा परत येईल. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. पण तिची किंमत रुग्णाला चुकवावी लागते. लग्नकार्यात थरथरणारा हात खिशात, दुखरा पाय साडीत. गंमत अशी की जे घर नातेवाइकांपासून आजार लपवते तेच घर करसल्लागाराला मात्र तो सांगते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग आश्रितासाठी ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. त्यासाठी दाखला निघतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मान्य प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यांत कंपवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हेही आले. दाखला कपाटात जातो. त्यावर लिहिलेले चाळीस किंवा साठ टक्के ज्याच्या शरीराविषयी आहेत, त्याच्याशी त्या आकड्याबद्दल कुणी पाच मिनिटे बोललेले नसते.

समुपदेशकाकडे जाताना हीच भीती आड येते: तो कुणाला सांगणार नाही ना? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. फी सासऱ्यांनी भरली म्हणून सुनेचे बोलणे सासऱ्यांना कळवले जात नाही. सज्ञान मुलाच्या खात्यातील शिल्लक बँक वडिलांनाही सांगत नाही, तसेच हे. याला अपवाद मोजकेच, आणि त्यांतला एक महत्त्वाचा आहे: जिवाला धोका दिसला तर.

त्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. दीर्घ वेदनेत नैराश्य वारंवार येते. डॉक्टर त्यासाठी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात आणि तिचा शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी असतो. जैन घरात हा विचार कधीकधी धार्मिक शब्दांत व्यक्त होतो. “आता संथाराच घेऊन टाकावा” असे पन्नाशीतला, बऱ्याच वर्षांचे आयुष्य बाकी असलेला माणूस म्हणतो आणि ऐकणारे त्याच्या वैराग्याने भारावतात. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथाऱ्याविरुद्ध दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगित केला, तेव्हा संथारा म्हणजे आत्महत्या नव्हे हे पटवून देण्यासाठी सारा समाज रस्त्यावर उतरला होता. तो भेद बाहेरच्यांना समजावला, तर घरातही तो पाळायला हवा. मरणाशंसा, म्हणजे मरणाची इच्छा, हा संलेखनेचा अतिचार म्हणून सांगितला आहे. वेदना सहन होत नाही म्हणून मरण हवेसे वाटणे हे वैराग्य नाही, ते मदतीसाठी मारलेली हाक आहे. असे उद्गार निघाले की त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे, त्या व्यक्तीला एकटे ठेवू नये. शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. तुला मरावेसे वाटते का, हे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती अनाठायी आहे. विचारल्याने बहुधा सुटकाच वाटते.

समुपदेशन करणारा नेहमी पदवीधरच असतो असेही नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचा कमरेखालचा भाग वयाच्या सोळाव्या वर्षी लुळा पडला. त्या काळोखातून त्यांना बाहेर काढण्यात स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांचा मोठा वाटा होता. पुढे १९८४ मध्ये नसीमादीदींनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. ज्याने ते दुखणे भोगले आहे त्याच्या तोंडचे ‘जमेल’ आणि धडधाकट माणसाच्या तोंडचे ‘जमेल’ यांत फरक असतो. समाजाच्या संस्था नेत्रशिबिरे घेतात, रक्तदान घेतात, जयपूर फूटची शिबिरे तर गावोगावी भरतात. तो पाय १९६८ मध्ये तयार झाला आणि भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७५ मध्ये, जयपूरला त्यासाठी समिती स्थापन झाली. समाजाला अभिमान वाटावा असे ते काम आहे. त्याच शिबिरात एका कोपऱ्यात दोन खुर्च्या टाकून, पूर्वी पाय बसवून घेतलेला एक माणूस नव्याने पाय बसवायला आलेल्या माणसाशी बोलायला बसवला, तर खर्च शून्य येईल.

योग्य माणूस निवडताना मात्र व्यापाऱ्याची चोख नजर वापरावी. ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावू शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारण्यात संकोच नको. जो पहिल्याच भेटीत आजार मुळासकट घालवतो म्हणतो, जो डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगतो, किंवा जो रुग्णापेक्षा अधिक बोलतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच नाव विचारणे हा बरा मार्ग. मोठ्या रुग्णालयांत वेदनाचिकित्सा किंवा पुनर्वसन विभागाशी असे तज्ज्ञ जोडलेले असतात. गावात कुणी नसेल तर दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरूनही भेटी होतात. फक्त त्या वेळी खोलीचे दार बंद राहील आणि कुणी ‘काय चाललंय’ म्हणून डोकावणार नाही, एवढे घराने सांभाळावे.

जाणकार समुपदेशक दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आणखी एका व्यक्तीला बोलावतो, सेवा करणाऱ्याला. अर्धांगवायूने पडलेल्या सासऱ्यांचे सगळे करणारी सून, किंवा डायलिसिसला आठवड्यातून तीनदा आईला नेणारा, त्यामुळे दुकान अर्धवट झालेला मुलगा. त्यांना तो पहिला प्रश्न रुग्णाविषयी विचारीत नाही. काल रात्री किती वाजता झोपलात, आणि मध्ये किती वेळा उठावे लागले, हे विचारतो. त्यावर पुष्कळदा आधी काही उत्तरच येत नाही. समुपदेशक पाण्याचा पेला पुढे सरकवतो आणि वाट पाहतो.